पुण्यातल्या फ्लॅटच्या रेंडरमध्ये खरं ऊन कसं आणायचं

रेंडर म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून कम्प्युटरने काढलेलं चित्र. "रेंडर खोटं वाटतंय, जरा बघ ना" म्हणून कोणी फाईल पाठवली की मी आधी आतले सगळे लाइट बंद करते. फॉल्स सीलिंगखाली लपवलेला एरिया लाइट, सोफ्यामागचा "थोडासा फिल" (सावल्या उजळायचा लाइट), कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा उजळ प्लेन (सपाट पत्रा), सगळे. मग बहुतेक वेळा मिट्ट काळोख उरतो, कारण खिडकीतून काही येतच नसतं. दिवसाचा उजेड घराबाहेर तयार होतो, म्हणून पहिला तासभर बाहेरच घालवायचा.

सुरुवात प्लॅनवरच्या उत्तरेच्या बाणापासून करा. मॉडेल सोयीसाठी फिरवून घेतलेलं असतं आणि बाणाचा सगळ्यांनाच विसर पडतो. बाण जुळला की ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या, सूर्य जागेवर बसवणाऱ्या सन पोझिशन ॲड-ऑनमध्ये अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६ आणि टाइम झोन ५.५ भरा. झोन चुकला तर सकाळच्या चहाला संध्याकाळचं ऊन पडतं. स्केचअप हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी जिओ-लोकेशन टाकावं, हिशोब तोच.

आता तारीख. "भरपूर ऊन हवंय" म्हणून लोक डोळे मिटून मे महिन्यातली दुपार लावतात. पण १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य अगदी डोक्यावर, म्हणजे दक्षिणेच्या हॉलमध्ये उन्हाचा ठिपकाही नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंश वर असतो. चार फुटांची बाल्कनी, वरचा स्लॅब नऊ फुटांवर, असं धरलं तर ऊन हॉलमध्ये साधारण चार फूट शिरतं. त्याच दिवशी सकाळी साडेनऊला तिरकं होऊन सात फुटांपर्यंत. त्यामुळे दक्षिणेच्या हॉलला मी जवळजवळ नेहमी डिसेंबरची सकाळ लावते. उत्तरेच्या बेडरूममध्ये ऊन घुसवायचा हट्ट धरू नका. तिथे समोरच्या बिल्डिंगवरून परतलेला उजेड दाखवा, तो जास्त सुंदर असतो.

आणि ती समोरची बिल्डिंग मॉडेलमध्ये हवीच. कोथरूडला काय, पेठेत काय, खिडकी उघडली की समोर आकाश कमी आणि शेजाऱ्यांची ड्राय बाल्कनीच जास्त. एक साधा डबा ठेवा, फिकट पिवळट रंग द्या, बास. नुसता फोटो चिकटवलेला प्लेन खऱ्या बिल्डिंगसारखं ऊन अडवत नाही आणि परतवतही नाही. तसंच बाल्कनीची फरशी खऱ्या रंगाची ठेवा. तिच्यावर ऊन पडलं की खिडकीलगतचं सीलिंग उजळतं. लाल टाइल असेल तर छतावर किंचित लाली येते. हॉल खोटा वाटायचं निम्मं कारण छत सगळीकडे सारखंच पांढरं असणं हे असतं.

काचेला साधं ग्लास मटेरियल देऊ नका. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ऊन तिथे अडतं, नाहीतर पांढरे ठिपके होऊन पसरतं. शॅडो रेसाठी (सावली ठरवणाऱ्या किरणांसाठी) काच पारदर्शक करा, नाहीतर स्लायडिंगचा एक पल्ला सरळ उघडा ठेवा. डासांच्या जाळीचे धागे मॉडेल करत बसण्यात अर्थ नाही. अर्धपारदर्शक करडा प्लेन पुरतो.

सावलीची कड मात्र निगुतीने बघा. आकाशात सूर्याची तबकडी साधारण अर्ध्या अंशाची दिसते, सन लाइटचा अँगल तेवढाच ठेवा. "सॉफ्ट हवं" म्हणून तो पाच अंश केला की ऊन पीठ सांडल्यासारखं दिसतं. मी ग्रिलवरून परीक्षा करते. १२ मिमीच्या बारची सावली जवळ, म्हणजे खिडकीच्या सिलच्या ग्रॅनाइटवर, काळी आणि रेखीव पडायला हवी. सव्वा मीटरच्या पुढे तिचा गाभा, म्हणजे पूर्ण काळा भाग, संपतो, म्हणून फरशीवर पोचेपर्यंत ती करडी, पुसट रेघ झालेली असते. रेंडरमध्ये दोन्हीकडे सारखीच धारदार सावली असेल तर अँगल शून्य राहिलाय.

पावसाळ्याचा मूड हवा असेल तर सन लाइट काढूनच टाका आणि ढगाळ आकाशाचा एचडीआरआय (सीनला उजेड देणारा आकाशाचा फोटो) लावा. पॉली हेवन या साइटवर फुकट मिळतो. जुलैत पुण्यात कडक सावल्या दाखवणाऱ्याला माझा दंडवत.

मग एक्सपोजर. बाहेर कडक उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक), आत काही शे. कॅमेरा आतल्या हिशोबाने उघडला की खिडकी पांढरी होणारच, होऊ द्या. ब्लेंडर ४.० पासून डीफॉल्ट असलेला एजीएक्स व्ह्यू (उजेड आणि रंग स्क्रीनवर बसवायची पद्धत) ती कड बऱ्यापैकी सांभाळून घेतो. क्लायंटला खिडकीतून वेताळ टेकडी स्वच्छ दिसायला हवी असेल, तर टेकडी पोस्टमध्ये, म्हणजे रेंडर झाल्यावर एडिटिंगमध्ये, हलकेच बसवा. त्यासाठी खोलीचा उजेड मारू नका.

तरीही आत अंधार वाटला तर आधी डिफ्यूज बाउन्स (उजेड भिंतींवरून किती वेळा परततो तो आकडा) ४ वरून ८-१० करा, आणि इनडायरेक्ट क्लॅम्प (परतलेल्या उजेडावरची कमाल मर्यादा) कोणी १ वर आणून ठेवलाय का तेही तपासा. खिडकीवरचं पोर्टल (उजेड इथून येतो हे इंजिनला सांगणारी चौकट) फक्त नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, कमी करतं, उजेड वाढवत नाही. भिंतीचा पांढरा (० म्हणजे काळा, १ म्हणजे पूर्ण पांढरा) ०.८ च्या वर नको. पूर्ण १ दिला तर उजेड खोलीत फिरतच राहतो आणि कोपरे सपाट होतात. दारामागचा कोपरा काळसरच राहू द्या. "मॅडम, थोडं ब्राइट करा" हा फोन येणारच आहे. तेव्हा एक्सपोजर अर्धा स्टॉप वाढवायचा आणि फाईल परत पाठवायची. नवा लाइट लावायचा नाही.