रजिस्ट्रीत दिसतंय, तरी इन्स्टॉलरला सापडत नाही: माझे चार दिवस

इन्स्टॉलर लिहायचं काम नव्या माणसाकडे येतं तेव्हा बहुतेक वेळा "दोन तासांचं काम आहे, करून टाक" असं म्हणूनच येतं. माझ्याकडेही तसंच आलं होतं. नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरसाठी आम्ही एक प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, केलं होतं, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं, आणि कोल्हापुरातल्या एका डीटीपी ऑफिसला ते ११ मशीनवर टाकून हवं होतं. मला फक्त इनो सेटप या इन्स्टॉलर बनवायच्या टूलमध्ये एक स्क्रिप्ट लिहायची होती, जी नोटपॅड प्लस प्लस कुठे आहे ते शोधेल आणि त्याच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये आमची डीएलएल, म्हणजे प्लगइनची फाईल, ठेवेल. दोन तासांचे चार दिवस झाले आणि त्यातली एकेक गोष्ट मला अजून आठवते, म्हणून हे लिहितेय.

स्क्रिप्टचे सेक्शन, फाईल्स, सेटप, कोड, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नोटपॅड प्लस प्लसचा इन्स्टॉलर स्वतःचा फोल्डर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहून ठेवतो, एचकेएलएमखाली (पूर्ण मशीनसाठीचा भाग) सॉफ्टवेअर, त्याखाली नोटपॅड प्लस प्लस, आणि तिथल्या डिफॉल्ट व्हॅल्यूत सरळ पाथ असतो. मी ती व्हॅल्यू वाचली, मिळाली तर तो पाथ, नाही मिळाली तर प्रोग्राम फाईल्समधला नेहमीचा फोल्डर. माझ्या मशीनवर पहिल्या फटक्यात चाललं. पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन, "मॅडम, मेनूत काही येत नाही." एनीडेस्कवरून, म्हणजे दुरूनच त्यांचा स्क्रीन उघडून, बघितलं तर इन्स्टॉल झालंय, शेवटचा 'पूर्ण झालं'चा स्क्रीनही आला होता म्हणे, एरर कुठेच नाही. मग सी ड्राईव्हवर गेले आणि प्रोग्राम फाईल्स एक्स८६मध्ये नोटपॅड प्लस प्लस नावाचा फोल्डर दिसला, त्यात एक प्लगइन्स फोल्डर, त्यात आमची एकटी डीएलएल; नोटपॅड प्लस प्लसची एक्झी (चालवायची फाईल) वगैरे काहीच नाही. तो फोल्डर माझ्या इन्स्टॉलरने स्वतः तयार केला होता. खरा प्रोग्राम शेजारच्या प्रोग्राम फाईल्समध्ये होता. म्हणजे रजिस्ट्रीतून पाथ मिळालाच नव्हता. मग त्याच मशीनवर रजिस्ट्री एडिटर उघडला तर की (रजिस्ट्रीतली नोंद) तिथेच, बरोबर त्याच नावाची, आत बरोबर पाथ. मला दिसतंय आणि स्क्रिप्टला दिसत नाही! स्पेलिंग तपासलं, स्लॅश तपासले, अॅडमिन म्हणून चालवलं, की कॉपी करून पेस्ट केली. दीड दिवस.

आता हे नीट वाचा, कारण याच्यासाठीच हे सगळं लिहितेय. ६४-बिट विंडोजमध्ये एचकेएलएमखालच्या सॉफ्टवेअरच्या दोन प्रती असतात. ६४-बिट प्रोग्रामला खरी दिसते. ३२-बिट प्रोग्राम सॉफ्टवेअर मागतो तेव्हा विंडोज त्याला गुपचूप वॉव६४३२नोड नावाच्या खोलीत नेतं आणि सांगतही नाही. आपण बघतो तो रजिस्ट्री एडिटर ६४-बिट, त्यामुळे त्याला सगळं दिसतं. आणि मी वापरत होते तो इनो सेटप, सहावी आवृत्ती, त्याचा तयार होणारा इन्स्टॉलर स्वतः ३२-बिट, आणि ६४-बिट मोड वेगळा मागितला नाही तर त्याचं एचकेएलएम म्हणजे ३२-बिटवालं एचकेएलएम, आणि त्याचं प्रोग्राम फाईल्स म्हणजे एक्स८६वालं. ऑफिसमधल्या मशीनवर नोटपॅड प्लस प्लस ६४-बिट होतं, त्याची की खऱ्या खोलीत. माझ्या मशीनवर कधीकाळचं ३२-बिट पडलं होतं, त्याची की वॉव६४३२नोडमध्ये, म्हणून माझ्याकडे चाललं. तुमच्या मशीनवर चालणं याला काडीची किंमत नाही, हे आत्ताच मनावर घ्या.

हे मला कळलं ते प्रोसेस मॉनिटरमुळे, सिसइंटर्नल्सचं फुकट टूल आहे, ते आजच उतरवून ठेवा. तिथेही एक अडथळा आहे. इनो सेटपची एक्झी चालवली की ती टेम्पमध्ये डॉट टीएमपी शेवट असलेली फाईल काढते आणि खरं काम ती फाईल करते, त्यामुळे तुमच्या सेटप एक्झीच्या नावाने फिल्टर लावला तर रजिस्ट्रीतलं ते वाचन दिसतच नाही. मी तासभर असा रिकामा फिल्टर बघत बसले होते. फिल्टरमध्ये पाथ टाका, 'नोटपॅड' शब्द असलेला. मग एक ओळ आली, आरईजी ओपन की, पाथमध्ये मधोमध वॉव६४३२नोड, आणि पुढे नेम नॉट फाऊंड. ती ओळ बघून मी खुर्चीवरून उठले आणि टीममधल्या ताईंना बोलावून आणलं.

उपाय एवढाच: विंडोज ६४-बिट आहे का ते इजविन६४ने विचारा, असेल तर आधी एचकेएलएम६४मध्ये बघा, नाही मिळालं तर एचकेएलएम३२मध्ये. आणि पाथ मिळाला म्हणजे झालं असं समजू नका, त्या फोल्डरमध्ये एक्झी खरंच आहे का ते फाईलएक्झिस्ट्सने बघा, कारण लोक फोल्डर हाताने हलवतात, डिलीट करतात, आणि रजिस्ट्रीत जुना पत्ता तसाच राहतो. एनएसआयएसवाल्यांसाठी (तेही इन्स्टॉलर बनवायचं टूल): तिथे सेटरेगव्ह्यू ६४ लिहून लगेच खूश होऊ नका, इन्स्टॉलडिररेगकीवर त्याचा परिणाम होत नाही, डॉट ऑनइनिटमध्ये स्वतः वाचून इन्स्टडिरमध्ये टाकावं लागतं.

हे सगळं दुरुस्त करून नवा इन्स्टॉलर पाठवला. परत तेच! प्लगइन नाही, डीएलएल पुन्हा त्याच खोट्या फोल्डरमध्ये. त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं की हे आपलं काम नाही. असं वाटेल तुम्हालाही कधीतरी, त्या दिवशी राजीनाम्याचे मेल लिहू नका, घरी जा, जेवा, झोपा.

कारण असं होतं. इनो सेटपमध्ये यूजप्रीव्हियसअॅपडिर नावाची सेटिंग मुळातच चालू असते. म्हणजे हीच अॅप आयडी (प्रोग्रामची ओळख) आधी इन्स्टॉल झाली असेल तर तो जुना फोल्डर उचलतो, तुमच्या डिफॉल्टडिरनेमला, म्हणजे स्क्रिप्टने सुचवलेल्या फोल्डरला, विचारतही नाही. त्या मशीनवर माझा पहिला, चुकीचा इन्स्टॉल झालेला होता, त्याचा पत्ता अनइन्स्टॉलच्या कीमध्ये लिहिलेला होता, आणि माझा नवा, शहाणा कोड बाजूला बसून राहिला. आणि हे डोळ्याला दिसतही नाही, कारण आवृत्ती ५.५.७ पासून डिसेबलडिरपेज मुळात ऑटोवर असतं, आधीचा इन्स्टॉल सापडला की फोल्डर विचारणारं पानच येत नाही. ऑफिसमधल्या काकू नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करत होत्या, त्यांची काय चूक?

ही सेटिंग 'नो' करून काम भागतं, पण माझं ठाम मत सांगते: दुसऱ्याच्या प्रोग्रामचा फोल्डर तुमचा अॅप फोल्डर करूच नका. तुमचा अॅप फोल्डर तुमचा वेगळा ठेवा, त्यात तुमचा अनइन्स्टॉलर, मदत फाईल वगैरे. आणि डीएलएलपुरतं डेस्टडिरमध्ये (फाईल कुठे ठेवायची ते सांगायची जागा) कोड फंक्शन लावून नोटपॅड प्लस प्लसचा पाथ द्या. त्याच्या ७.६ आवृत्तीपासून प्रत्येक प्लगइनला प्लगइन्समध्ये स्वतःचा फोल्डर लागतो, डीएलएलच्याच नावाचा, तेही लक्षात असू द्या. ते फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावलं जातं, म्हणून एकदा शोधलेला पाथ एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवा.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत. अनइन्स्टॉलडिलीटमध्ये, म्हणजे प्रोग्राम काढताना काय पुसायचं त्या सेक्शनमध्ये, पूर्ण अॅप फोल्डर उडवायची ओळ नेटवर जागोजागी सापडते, लोक न वाचता चिकटवतात. तुमचा अॅप फोल्डर जर दुसऱ्याच्या प्रोग्रामचा असेल तर तुमचं प्लगइन काढताना त्या माणसाचा अख्खा नोटपॅड प्लस प्लस जाईल. ती ओळ माझ्याही पहिल्या स्क्रिप्टमध्ये होती, ताईंनी बघितली म्हणून वाचलो. ताईंनी मला कधी उत्तर आयतं दिलं नाही, फक्त विचारायच्या, "हे कोणत्या प्रोसेसला दिसतंय? तुला की तिला?" तेव्हा राग यायचा. दुसरे एक सीनियर होते, त्यांचा सल्ला, "पाथ हार्डकोड कर, सगळ्यांचा सीमध्येच असतो." लगेच उत्तर देणारा माणूस बरा वाटतो, पण विचारायला लावणाऱ्याच्या शेजारची खुर्ची पकडा.

शॉर्टकटचं निघालंच आहे तर, पाथमध्ये एक्स८६ आहे का बघून ३२ की ६४ची डीएलएल निवडायची हाही माझाच शॉर्टकट होता. कोणी डी ड्राईव्हवर टाकलेलं असेल तर संपलं. कुठल्या खोलीत की सापडली त्यावरून ठरवा, कारण ३२-बिट डीएलएल ६४-बिट प्रोग्राममध्ये लोड होणारच नाही. प्रोग्रामची यादी मिळवायला डब्ल्यूएमआयमधलं (विंडोजकडून माहिती विचारायची सोय) विन३२ प्रॉडक्ट वापरायचा मोह टाळा, ते विचारताना विंडोज सगळ्या एमएसआय पॅकेजची तपासणी सुरू करतं, वेळखाऊ आणि धोक्याचं. त्यापेक्षा अॅप पाथ्सची की बघा, विंडोज ७पासून ती दोन्ही खोल्यांना सामायिक आहे. आणि एचकेसीयूवर (रजिस्ट्रीतला त्या-त्या युजरचा भाग) भिस्त ठेवत असाल तर सांभाळून, साध्या युजरने दुसऱ्याचा अॅडमिन पासवर्ड टाकून इन्स्टॉलर चालवला तर तुम्हाला त्या अॅडमिनचं एचकेसीयू दिसतं, समोर बसलेल्या माणसाचं नाही.

टेस्टिंगसाठी विंडोज सँडबॉक्स (बंद केलं की पुसलं जाणारं तात्पुरतं विंडोज) छान आहे, प्रो आणि एंटरप्राइजमध्ये मिळतं, होममध्ये नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन आणि स्नॅपशॉट. मी आता प्रत्येक वेळी या स्थिती बघतेच: ६४-बिट, ३२-बिट, दोन्ही एकत्र, एकही नाही, आणि आपल्याच जुन्या चुकीच्या इन्स्टॉलवर नवा. शेवटची कोणी करत नाही. सेटपलॉगिंग चालू ठेवा आणि शोधण्याच्या प्रत्येक पायरीवर लॉगमध्ये एक ओळ लिहा, फोनवरच्या माणसाकडून फाईल मागवता येते.

राहिला पोर्टेबल झिपवाला नोटपॅड प्लस प्लस. तो रजिस्ट्रीत काहीच लिहीत नाही, कितीही हुशार स्क्रिप्ट असली तरी सापडणार नाही. तिथे अंदाजाने फोल्डर बनवू नका, माणसाला विचारा. क्रिएटइनपुटडिरपेजने एक पान टाकलं, आणि सायलेंट, म्हणजे काही न विचारता चालणारा, इन्स्टॉल असेल तर प्रिपेअरटूइन्स्टॉलमधून थांबायचं. त्या पानावर मी मराठीत लिहिलं, "नोटपॅड प्लस प्लस सापडलं नाही. ते जिथे ठेवलं आहे तो फोल्डर दाखवा." अकराव्या मशीनवर, काकूंच्याच, ते डी ड्राईव्हवर 'कामाचं' नावाच्या फोल्डरमध्ये होतं. मी फोनवर सांगायला सुरुवात केली तोवर त्यांनी ब्राऊज दाबून फोल्डर दाखवला होता आणि म्हणाल्या, "आला बघा मेनूत."