कोकण किनाऱ्यावर लिंगनिश्चितीचा अभ्यास : नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन किनाऱ्यावरच्या कामात उतरणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात लिंगनिश्चितीचे एकच चित्र पक्के बसलेले असते. दोन एक्स गुणसूत्रे असली की मादी, एक्स आणि वाय असली की नर. माणसापुरते आणि बहुतेक सस्तन प्राण्यांपुरते ते बरोबर आहे. पण वेळासपासून वायंगणीपर्यंतच्या पुळणींवर, खाड्यांत आणि मासळी उतरणाऱ्या बंदरांवर काम करायचे असेल, तर तेवढ्या शिदोरीवर भागत नाही. मी रत्नागिरीत शिकले, आधी कासवांच्या घरट्यांवर आणि नंतर खाडीतल्या माशांवर काम केले. या सगळ्या काळात मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय म्हणजे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवणे : समोरचा प्राणी नर आहे की मादी हे कशावरून ओळखायचे, आणि तो नर किंवा मादी कशामुळे व आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर झाला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कधीकधी अगदी सोपे असते. चिंबोरी उलटी केली की पोटाला चिकटलेली झापड दिसते. नराची ती अरुंद असते, मादीची रुंद. बाजारात बसणारी कोणतीही कोळीण हे एका नजरेत सांगते. पण सॅक्युलिना नावाचा परजीवी खेकड्यात शिरला, तर नराचीही झापड मादीसारखी रुंद होऊ लागते. म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून मूळ कारणाकडे उडी मारता येत नाही, हे शिकण्यासाठी प्रयोगशाळेत जावेच लागते असे नाही.

अभ्यासाची सुरुवात मात्र कासवांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. ऑलिव्ह रिडले कासवात लिंग ठरवणारी गुणसूत्रे नसतात. मादी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि पिल्ले बाहेर पडायला ४५ ते ६० दिवस लागतात. या मुदतीच्या मधल्या तृतीयांशात अंड्यांभोवतीची वाळू किती तापलेली आहे, यावर पिल्लाचे लिंग ठरते. २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी नर आणि माद्या सारख्याच प्रमाणात निपजतात. वाळू त्याहून थंड राहिली तर नर वाढतात, अधिक तापली तर माद्या. तापमानाचा असा परिणाम सरपटणाऱ्या प्राण्यांत पहिल्यांदा नोंदला तो माडलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने, १९६६ मध्ये, आफ्रिकेतल्या एका सरड्यावर काम करताना.

हे कळले की कासवांच्या हॅचरीकडे, म्हणजे अंडी सुरक्षित उबवण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेकडे, पाहण्याची दृष्टी बदलते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला कासव संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कासवमित्र उभे राहिले. अंडी चोरीला जाऊ नयेत, कुत्र्या-कोल्ह्यांनी ती उकरू नयेत, म्हणून ती कुंपणाच्या आत हलवावी लागतात. मात्र नवा खड्डा किती खोल आहे, त्यावर सावली पडते की नाही, वाळू गडद आहे की फिकट, या प्रत्येक गोष्टीचा पिल्लांच्या लिंगाशी थेट संबंध आहे. रत्नागिरीकरांना काळा समुद्र आणि पांढरा समुद्र ही काळ्या आणि पांढऱ्या वाळूच्या पुळणींची नावे लहानपणापासून माहीत असतात. गडद वाळू उन्हात जास्त तापते, हे अनवाणी चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून माझे सांगणे असे, की हवेच्या तापमानाची नोंद घेऊन समाधान मानू नका. तापमान नोंदवणारे यंत्र अंड्यांच्या खोलीवरच पुरले पाहिजे, कारण तिथली वाळू हवेपेक्षा वेगळी वागते आणि वाढणारे गर्भ स्वतःही उष्णता निर्माण करतात. जानेवारीत घातलेल्या आणि मार्चअखेर घातलेल्या अंड्यांतून एकाच पुळणीवर नर-माद्यांचे प्रमाण वेगळे निघू शकते, म्हणून एका घरट्यावरून सगळ्या हंगामाचा निष्कर्ष काढू नये.

हा प्रश्न किती गंभीर आहे, ते ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरून समजते. तिथल्या उत्तरेकडच्या, अधिक उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या अल्पवयीन हिरव्या कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही आपल्याकडे लगेच सगळ्या हॅचरींवर छप्पर घालावे, असे मी म्हणणार नाही. आधी काही हंगाम नीट मोजमाप व्हावे. त्याशिवाय केलेला उपाय म्हणजे आपण स्वतःच नर-मादीचे प्रमाण अंदाजाने ठरवण्यासारखे होईल.

इथे नव्या अभ्यासकाला एक अडचण येते. नुकतेच बाहेर आलेले पिल्लू नर आहे की मादी, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. पर्यटक हमखास विचारतात, आणि ‘सांगता येत नाही’ हेच खरे उत्तर आहे. खात्रीसाठी मेलेल्या पिल्लाच्या जननग्रंथीचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. प्रौढ नराची शेपटी लांब असते, पण नर अंडी घालायला येत नसल्याने पुळणीवर भेटतात त्या माद्याच. २०२२ मध्ये कोकणात ज्या पाच कासवांवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली, त्याही सगळ्या माद्याच होत्या. किनाऱ्यावर येणाऱ्या कासवांवरून समुद्रातल्या नरांची संख्या ठरवता येत नाही.

मगरीचेही लिंग तापमानावरच ठरते, पण तिथला नियम वेगळा आहे. चिपळूणजवळच्या वाशिष्ठी नदीत दिसणाऱ्या मगरीच्या जातीची अंडी ३१ अंशांखाली उबवली तर माद्या निघतात, साडेबत्तीसच्या आसपास मुख्यतः नर, आणि त्याहून वर गेल्यास पुन्हा माद्या दिसू लागतात.

गुणसूत्रांचा इतिहास पुस्तकात सविस्तर मिळतो, म्हणून थोडक्यात सांगते. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांत वाय गुणसूत्राचा नरांशी असलेला संबंध दाखवला; माणसातले वाय गुणसूत्रावरचे, नर घडवण्याची सुरुवात करणारे एसआरवाय हे जनुक १९९० मध्ये सापडले, आणि पुढच्याच वर्षी ते एक्स-एक्स उंदरांच्या गर्भात घातल्यावर त्यांतले काही नर झाले. फळमाशीत वाय असूनही तो लिंग ठरवत नाही. कोंबडीत उलटे आहे : मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रे असतात, नराकडे दोन झेड. मधमाशीत फलित न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, म्हणजे त्याला बाप नसतो, पण आईकडचा आजोबा असतो. या सगळ्या विविधतेखाली एक साम्य आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते. कोंबड्याच्या वृषणासाठी लागणारे डीएमआरटी१ हे जनुक काही कासवांत कमी तापमानाला सक्रिय होते. निर्णय कशावर होतो ते जातीजातीत बदलते. निर्णयानंतर कामाला लागणारी जनुके पुष्कळदा तीच असतात.

माशांकडे वळल्यावर तर ‘एकदा ठरले ते कायमचे’ हेही गृहीत धरता येत नाही. रायगडात जिताडा आणि मालवणकडे चोणक म्हणून ओळखला जाणारा मासा बहुधा नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, बराच मोठा झाल्यावर, मादी होतो. हेकरू या माशाचा प्रवास बहुतांशी उलटा, मादीकडून नराकडे. याचा मासेमारीशी थेट संबंध आहे : खाडीतले मोठमोठे जिताडे तेवढे निवडून पकडले, तर प्रामुख्याने अंडी देणाऱ्या माद्याच कमी होतात. म्हणून बंदरावर नोंदी करताना माशाची लांबी, वजन आणि पोट फाडल्यावर गाबोळी दिसली की नाही, या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहा. लांबीविना लिहिलेले ‘नर’ किंवा ‘मादी’ या जातींत जवळजवळ निरुपयोगी ठरते.

शिक्षणासाठी शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे जवळचे पर्याय आहेत. कुठेही गेलात तरी ऊतकांचे छेद घेणे आणि संख्याशास्त्र ही दोन कौशल्ये लवकर हस्तगत करा, कारण या क्षेत्रात मुले बहुधा तिथेच अडतात. सागरी कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मेलेले पिल्लू किंवा न उबलेले अंडे उचलण्यासाठीही वनविभागाची लेखी परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून पुढच्या हंगामाचा अर्ज पावसाळ्यातच द्या आणि त्यात कोणत्या गावातली किती घरटी व कोणती मोजमापे हवीत हे स्पष्ट लिहा.