पावसाळ्यानंतर मोरपंखी आणि अरोकेरियाच्या रोपांना खत: आधी पाणी तपासा

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की मोरपंखी आणि अरोकेरियाच्या पिशव्यांत पांढरी मुळी पुन्हा धावू लागते. पावसाने पिशवीतले नत्र धुऊन गेलेले असते, पाला फिका पडलेला असतो, आणि डिसेंबरात अरोकेरियाला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून गिऱ्हाईक असते. या घाईत प्रत्येक पिशवीत चिमूटभर युरिया टाकला जातो. तो टाकू नका.

हिशेब करून पाहा. ५×८ इंचाच्या भरलेल्या पिशवीत जेमतेम ८०० ते ९०० मिली माती-कोकोपीट बसते. चिमूटभर म्हणजे ३ ग्रॅम युरिया धरला तर त्यात सुमारे १.४ ग्रॅम नत्र असते. खाली दिलेल्या द्रावणाच्या एका फेरीत रोपाला साधारण १२ मिलिग्रॅम नत्र मिळते. म्हणजे एका चिमटीत शंभराहून अधिक फेऱ्यांचे नत्र एकाच दिवशी पडते. मुळांची टोके जळतात, कोवळी रोपे मर रोगाला बळी पडतात, आणि जी वाचतात ती लांबट, मऊ होऊन कलतात. सूचिपर्णी रोपांची वाढ मुळातच संथ असते. त्यांना खत थोडे आणि वारंवार हवे.

खताआधी पिवळेपणा कुठे आहे ते बघा. सगळे रोप फिके आणि जुना, खालचा पाला आधी पिवळा, तर नत्र कमी आहे. खालचा पाला हिरवा आणि शेंड्याची नवी फूट पिवळी, तर लोह मिळत नाही. पुणे, नगर, सोलापूर पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यावर वाढणाऱ्या रोपांत बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार दिसतो. पाण्यातले बायकार्बोनेट पिशवीचा सामू (पीएच) हळूहळू ७.५ च्या वर नेते. लोह मातीत असते, पण मुळांना घेता येत नाही. अशा रोपाला नत्र दिले की फूट आणखी वाढते आणि आणखी पिवळी पडते.

म्हणून पाण्याचा सामू आणि बायकार्बोनेट प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पाणी जड निघाले तर २० लिटरच्या बादलीत ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल सिरिंजने अर्धा-अर्धा मिली टाकत, ढवळत, सामू ६ वर आणा. जितके लागले त्याच्या दहापट २०० लिटरच्या पिंपाला. बादलीला २ मिलीपेक्षा जास्त लागत असेल तर थांबा: तेवढ्या आम्लातूनच ४५ पीपीएमच्या (लिटरला ४५ मिलिग्रॅम) आसपास स्फुरद जातो, पुढे तो जास्त होतो. तिथे गंधकाम्ल किंवा नत्राम्ल वापरावे. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॅन उघडू नका.

आता द्रावण. २०० लिटर पाण्यात एका पाळीला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. पुढच्या पाळीला १०० ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेले विद्राव्य खत), ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १० ग्रॅम चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये. आठवड्यात दोन पाळ्या, आलटून-पालटून. नत्र ८० ते ९५ पीपीएम बसते. प्रत्येक पिशवीला १२५ मिली, म्हणजे एका पिंपात सुमारे १,६०० पिशव्या होतात. पुनर्लागवड होऊन महिना न झालेल्या रोपांना सगळी मात्रा निम्मी. कॅल्शियम नायट्रेट कधीही सल्फेट किंवा स्फुरदयुक्त खताच्या घट्ट द्रावणात मिसळू नका. तळाशी पांढरा साका बसतो आणि खत तिथेच वाया जाते. खत दिल्यावर साध्या पाण्याची झारी पाल्यावरून फिरवा. मोरपंखीच्या दाट पाल्यात द्रावण अडकून सुकले की टोके करपतात.

१९:१९:१९ रोज देण्याचा मोह टाळा. सरू-मोरपंखी आणि अरोकेरिया या कुळांच्या मुळांशी व्हॅम प्रकारची मायकोरायझा बुरशी (मुळांत राहून त्यांना स्फुरद मिळवून देणारी) जोडीने राहते, आणि स्फुरद जास्त झाला की ती वाढत नाही. बाजारातली व्हॅम पावडर इथे चालते. हिमालयातल्या चीड-देवदारांना वेगळ्या प्रकारची बुरशी लागते, त्यामुळे ‘पाइनसाठी’ म्हणून विकली जाणारी बुरशी मोरपंखीला उपयोगाची नाही.

दर पंधरा दिवसांनी चार-पाच पिशव्यांचा निचरा तपासा. नेहमीचे पाणी द्या, अर्धा-पाऊण तास थांबा, पिशवी ताटलीत ठेवून वरून १०० मिली डिस्टिल्ड पाणी ओता, खाली आलेल्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, मिलीसिमेन्स प्रति सेंमीमध्ये) आणि सामू मोजा. ईसी २ च्या वर गेला तर खत थांबवून दोन वेळा भरपूर साधे पाणी सोडा. सामू ७ च्या वर आणि शेंडे पिवळे असतील तर २०० लिटरला २० ग्रॅम ईडीडीएचए लोह (जास्त सामूतही टिकणारे चिलेटेड लोह) मुळाशी द्या. साधे ईडीटीए लोह अशा सामूला टिकत नाही. ईडीडीएचएचे पाणी गडद लाल असते, पाल्यावर डाग पडतात, लगेच धुवा.

नवीन पिशव्या भरताना ५ किलोची कोकोपीटची वीट धुऊन, १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा धुवा. काळी माती टाळा. चुनखडी आणि चिकटपणा दोन्ही बाधतात. दाणेदार हळू सुटणारे खत लिटरला २ ते ३ ग्रॅमच घाला. पुडीवरचे महिने साधारण २१ अंशांना मोजलेले असतात. उन्हात तापलेल्या काळ्या पिशवीत ते खत बरेच लवकर संपते.

थंडीत उघड्यावरची मोरपंखी तांबूस-तपकिरी छटा धरते. मोड ताजे आणि मुळे पांढरी असतील तर तो थंडीचा परिणाम आहे, स्फुरदाची कमतरता नव्हे. फवारणीवर पैसे घालू नका.

रोपे विक्रीला काढण्याआधी तीन-चार आठवडे १९:१९:१९ बंद करा. २०० लिटरला ६० ग्रॅम १३:०:४५ आणि पुढच्या आठवड्यात ५० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, आठवड्याला एकच पाळी. सावलीची जाळी हळूहळू काढा. पिशवी वरून सुकल्यावरच पाणी द्या, पण अरोकेरियाची माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नका. तिच्या खालच्या फांद्या एकदा वाळल्या की त्या जागी पुन्हा फुटत नाहीत, आणि रोपाचा भाव त्या फांद्यांवरच असतो.