आधी जागेचा प्रकाश, मग फ्लॅश: पोर्ट्रेट शिकणाऱ्यांसाठी काही अनुभव

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत मी पहिली तीन वर्षे मदतनीस म्हणून काम केले. पासपोर्ट फोटोसाठी तेथे फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या दोन छत्र्या कायम एकाच जागी उभ्या असत, त्यांच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या आणि कॅमेऱ्यावरचे आकडे बदलण्याची वेळ क्वचितच येई. समोरच्या माणसाला कसे बसवायचे, हनुवटी किती खाली घ्यायला सांगायची, हे मला तेथे लवकर समजले. प्रकाश मात्र समजला नाही, कारण तो माझ्या आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेला होता. स्टुडिओबाहेर स्वतंत्र कामे घेऊ लागल्यावर ही उणीव उघडी पडली. ज्यांनी नुकताच कॅमेरा घेतला आहे आणि पहिला फ्लॅश घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

माझे पहिले स्वतंत्र काम हळदीच्या कार्यक्रमाचे होते. फ्लॅश थेट चेहऱ्यावर टाकू नये, छताकडे वळवावा, म्हणजे प्रकाश पसरून मऊ होतो, एवढे मला माहीत होते आणि ते खरेही आहे. पण त्या मांडवाचे छत लाल आणि केशरी कापडाचे होते. छतावरून परतणारा प्रकाश छताचा रंग घेऊन परततो. नवरीच्या गालावरची हळद पिवळी न दिसता तांबूस दिसली, आणि संगणकावर ती तांबूस छटा काढायला जावे तो हातातल्या हिरव्या चुड्याचा रंग बिघडे. त्या दिवसापासून कोणत्याही कार्यक्रमात गेल्यावर कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी मी वर पाहते, मग भिंती पाहते. जुन्या घरांतून भिंतींना निळा किंवा पोपटी रंग फार असतो. तेथे फ्लॅश वळवण्याऐवजी पांढऱ्या छत्रीतून किंवा थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्यावरून टाकावा.

फ्लॅश वापरून काढलेल्या प्रत्येक फोटोत प्रत्यक्षात दोन फोटो एकावर एक बसलेले असतात, हे एकदा मनात पक्के झाले की पुढचे पुष्कळ सोपे होते. एक फोटो जागेवर मुळात असलेल्या प्रकाशाचा आणि दुसरा फ्लॅशचा. फ्लॅशची चमक पूर्ण ताकदीवर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून बऱ्याच कमी वेळात आणि कमी ताकदीवर हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपते. म्हणून शटर, म्हणजे प्रकाश आत येऊ देणारा पडदा, सेकंदाचा १/६० भाग उघडे ठेवले काय किंवा १/२०० भाग ठेवले काय, फ्लॅशचा प्रकाश तेवढाच नोंदला जातो. बदलतो तो खिडकीचा, आकाशाचा, बल्बचा प्रकाश. अॅपर्चर (भिंगाचे छिद्र) आणि आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला आहे तो आकडा) मात्र दोन्ही प्रकाशांवर सारखाच परिणाम करतात. याचा अर्थ असा की चेहरा फ्लॅशने बरोबर उजळला असेल आणि मागचे आकाश फिके पडत असेल, तर शटर वेगवान करावे, आणि मागची खोली अंधारात बुडत असेल तर शटर हळू करावे. चेहऱ्याला धक्का लागत नाही. वेगवान करण्यालाही मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० असते. त्यापुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे राहत नाहीत आणि फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक या सोयीने ही मर्यादा ओलांडता येते, पण त्यात फ्लॅशची बरीच ताकद खर्ची पडते.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: फ्लॅश बंद ठेवून पहिला फोटो काढायचा, त्यात मागचा परिसर हवा तसा येईपर्यंत आकडे बदलायचे, आणि चेहऱ्यावर जेवढे कमी पडते तेवढेच फ्लॅशने घालायचे. नवशिके याच्या उलट करतात. आधी फ्लॅश लावतात आणि मग जागा हरवली म्हणून हळहळतात. वाड्याच्या चौकात काढलेला फोटो काळ्या पडद्यासमोर काढल्यासारखा दिसत असेल, तर त्या चौकापर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही.

नैसर्गिक प्रकाश शिकण्यासाठी एक खिडकी आणि एक सहनशील नातेवाईक पुरेसा आहे. माणूस खिडकीपासून हातभर अंतरावर बसला तर खिडकीकडचा गाल उजळ आणि दुसरा गाल बराच गडद दिसतो; तोच माणूस दोन पावले मागे सरकला की दोन्ही गालांतला फरक कमी होतो. छोट्या दिव्याच्या बाबतीत अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. खिडकी मोठी असल्याने हा नियम तिला तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच. विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओंना उत्तरेकडे काचेची छते किंवा मोठ्या खिडक्या ठेवत, कारण त्या बाजूने थेट ऊन येत नाही. ही गोष्ट युरोपातून आलेल्या पाठांत जशीच्या तशी सांगतात, पण आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे मे-जूनच्या सकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपे ऊन आत येते. तेव्हा पांढरा पातळ पडदा हवाच.

दुपारचे ऊन आपल्याकडे विशेष कठीण असते. पुण्या-साताऱ्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची जागा काळी पडते. अशा वेळी लोक सांगतात की फ्लॅशने सावल्या भरून काढा. ते जमते, पण उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० असताना अॅपर्चर एफ ११ च्या आसपास ठेवावे लागते, तेवढ्या लहान छिद्रातून छोटा फ्लॅश छत्रीसकट पुरा पडत नाही आणि मागची पार्श्वभूमीही धूसर होत नाही. माझ्या मते अशा वेळी माणसाला कडुनिंबाच्या किंवा पत्र्याच्या सावलीच्या कडेला आणणे हाच खरा उपाय आहे. झाडाखाली उभे करताना पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर येऊ देऊ नयेत. पावसाळ्यातल्या ढगाळ आभाळात ही सगळी खटपट नसते. प्रकाश सर्व बाजूंनी येतो, फक्त डोळ्यांत जीव यावा म्हणून समोरून अगदी कमी ताकदीचा फ्लॅश लागतो.

साधनांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. पहिला फ्लॅश हाताने ताकद बदलता येणारा आणि कॅमेऱ्यापासून दूर ठेवून ट्रिगरने, म्हणजे कॅमेऱ्यावरून इशारा देणाऱ्या छोट्या यंत्राने, चालवता येणारा असावा. त्याबरोबर एक पांढरी छत्री, एक स्टँड, आणि स्टँडला बांधायला वाळूची पिशवी. वाऱ्याने छत्री उलटणे ही बाहेरच्या कामातली नेहमीची गोष्ट आहे. खोक्यावरचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, पाहून हुरळून जाऊ नये, कारण तो फ्लॅशच्या सर्वांत लांब झूमवर, म्हणजे प्रकाश अरुंद झोतात एकवटलेला असताना, बहुधा मोजलेला असतो आणि छत्रीतून गेल्यावर साधारण दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे एक चतुर्थांशच उरतो.

हे सगळे एकत्र कसे येते, ते वाईजवळच्या एका वाड्यातल्या कामावरून सांगते. आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन होते आणि घरच्यांना आजी-आजोबांचा एक चांगला फोटो भिंतीवर लावण्यासाठी हवा होता. संध्याकाळ होत आली होती. ओसरीवर दोघांना शेजारी बसवले तर मागे चौक आणि तुळशीवृंदावन येत होते. ऊन कौलांच्या वर गेलेले असल्याने चौकात मऊ उजेड होता, पण ओसरी त्याहून पुष्कळ अंधारी होती. फ्लॅश बंद ठेवून आयएसओ १००, अॅपर्चर एफ ४ आणि शटर १/१६० वर चौक जसा डोळ्यांना दिसत होता तसा आला. दोघे मात्र काळ्या आकृत्यांसारखे दिसले, आणि या टप्प्यावर तसेच दिसायला हवे होते.

छत्री प्रथम मी जवळ, सुमारे एक मीटरवर लावली. आजी छत्रीच्या बाजूला होत्या, आजोबा त्यांच्या पलीकडे, म्हणजे दीड मीटरवर. त्या अर्ध्या मीटरने आजोबांवरचा प्रकाश निम्म्याहून कमी झाला. छत्री दोन मीटरवर नेल्यावर फरक बराच कमी झाला आणि जो उरला तो उपयोगीच पडला, कारण आजोबांचे धोतर, सदरा आणि टोपी पांढरी होती आणि जास्त प्रकाशात त्यांतला पोत निघून गेला असता. पांढरे कपडे असताना फ्लॅश आपोआप ताकद ठरवणाऱ्या पद्धतीवर ठेवू नये. यंत्र पांढऱ्याला करडे करू पाहते आणि सावळे चेहरे आणखी काळवंडतात. मी एक चतुर्थांश ताकद हाताने लावली. ओसरीत पिवळा बल्ब लागलेला होता आणि फ्लॅशचा पांढरा प्रकाश त्यापुढे परका वाटत होता, म्हणून फ्लॅशच्या तोंडावर केशरी रंगाची अर्ध्या गडदपणाची जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, बसवली.

आजोबांच्या चष्म्यात छत्री पूर्ण दिसत होती. चष्मा काढा म्हणणे सोपे असते, पण ज्या माणसाला घरच्यांनी चाळीस वर्षे चष्म्यात पाहिले आहे, त्याचा बिनचष्म्याचा फोटो त्यांना ओळखीचा वाटत नाही. चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित वर उचलून घेतल्या, त्यामुळे काचा थोड्या खाली झुकल्या, आणि छत्री वीतभर वर सरकवली; काचा स्वच्छ झाल्या. छत्री वर गेल्याचा परिणाम आजींच्या नथीवरही झाला. आधी नथीची चमक सोन्याच्या तारेवर पसरून ओठांवर उतरत होती. आता ती मोत्यांपुरती राहिली. तेवढ्यात आजींनी आजोबांच्या सदऱ्याचे वरचे बटण लावून दिले, आणि त्यांचा हात अजून कॉलरवर असतानाच मी फोटो घेतला. घरच्यांनी भिंतीसाठी तोच निवडला.