शाब्दिक उदाहरणं: माझं नेमकं कुठे चुकायचं

समीकरण सोडवायला मला कधीच त्रास झाला नाही, बाजू बदलली की चिन्ह बदलायचं वगैरे झोपेतही जमायचं, पण तेच गणित चार ओळींच्या मजकुरात आलं की डोकं बंद.

एकदा वयवारीचं उदाहरण आलं. वडिलांचं वय आज मुलाच्या चौपट आहे, २० वर्षांनी दुप्पट होईल, तर आजची वयं काढा. मुलाचं क्ष, वडिलांचं ४क्ष धरलं आणि घाईत लिहिलं ४क्ष + २० = २क्ष + २०. उत्तर क्ष = ०. म्हणजे मुलगा शून्य वर्षांचा आणि बापही शून्यच, आणि मी ते तसंच ठेवून पुढच्या प्रश्नावर गेलो की! दुप्पट मुलाच्या 'तेव्हाच्या' वयाची करायची होती, मी कंसच घातला नाही. खरं समीकरण ४क्ष + २० = २(क्ष + २०), त्यातून २क्ष = २०, मुलगा १०, वडील ४०. २० वर्षांनी ३० आणि ६०, बसलं बरोबर.

तेव्हापासून समीकरणाच्या आधी एक ओळ लिहितोच, 'क्ष = मुलाचं आजचं वय, वर्षांत'. नुसतं 'क्ष = मुलगा' लिहू नका, अर्ध्या वाटेत आजचं की नंतरचं तेच कळेनासं होतं. अक्षर कुठलंही चालतं हो, १२ व्या शतकात भास्कराचार्य अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक म्हणायचे, चक्क रंगांची नावं! वयाच्या गणितात मी 'आज' आणि 'नंतर' असे दोन रकानेही पाडतो, मग कंस विसरत नाही.

दुसरा खड्डा म्हणजे कोण कोणाच्या किती पट किंवा किती कमी हे नीट न बघता घाईत समीकरण उलटं मांडणं. 'विद्यार्थी शिक्षकांच्या सहापट आहेत', हे वाचून हात आपोआप ६व = श लिहून मोकळा होतो, कारण सहा आणि विद्यार्थी डोक्यात एकत्र बसलेले असतात. आता शिक्षक १० धरा, मग विद्यार्थी ६० हवेत, आणि ६ × ६० काही १० होत नाही. म्हणजे व = ६श. 'एका संख्येपेक्षा ७ ने कमी' वाचून ७ − क्ष लिहिणारे पण असेच फसतात, तिथे क्ष − ७ पाहिजे. शंका आली की मी सरळ २० धरून बघतो, २० पेक्षा ७ ने कमी म्हणजे १३, मग कोण कोणातून वजा होतंय ते लगेच दिसतं.