सूर्याचा यूव्ही मोजायचाय? फोटोडायोड घ्यायच्या आधी हे वाचा

कॉलेजच्या क्यूबसॅटवर (छोट्या डब्याएवढ्या उपग्रहावर) सूर्याचा यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, मोजायचं ठरलं की पोरं पहिली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पळतात फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा सेन्सर) बघायला. थांबा जरा, आधी वेव्हलेंग्थ ठरवा. 300 नॅनोमीटरच्या खालचं जवळपास सगळं हवेतला ओझोन आणि ऑक्सिजन वरच खाऊन टाकतात, म्हणून तर वर जायचं. इस्रोच्या आदित्य एल1 या सूर्ययानावरचा, पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचा सूट टेलिस्कोप 200 ते 400 नॅनोमीटरमध्ये 11 फिल्टर लावून फोटो काढतो, पण तुम्हाला 121.6 ची लायमन-अल्फा रेषा (हायड्रोजनचा ठरावीक वेव्हलेंग्थचा यूव्ही) हवी असेल तर खेळच वेगळा, तिथे क्वार्ट्झची खिडकीसुद्धा चालत नाही, मॅग्नेशियम फ्लोराइड लागतं.

आता खरी डोकेदुखी. सूर्याकडून चौरस मीटरला एकूण साधारण 1361 वॅट येतात आणि त्यात लायमन-अल्फा फक्त 6 ते 10 मिलीवॅट, म्हणजे फिल्टरमधून साधा उजेड लाखात एक भाग जरी गळला तरी तुम्ही यूव्ही नाही, तोच मोजत बसणार. सिलिकॉनला साधा उजेड मस्त दिसतो, इथे तेच नडतं. 200 च्या वर मोजायचं असेल तर सिलिकॉन कार्बाइडचा डायोड बघा, त्याला साधा उजेड जवळजवळ दिसतच नाही. महाग आहे, पण माझ्या मते इथे कंजूषी नको.

दुसरा शत्रू म्हणजे घाण. गोंद, टेप, वायरचं कव्हर यांतून व्हॅक्यूममध्ये वाफ निघते, ती लेन्सवर बसते आणि यूव्ही पडला की तव्यावर जळालेल्या तेलासारखा चिकट थर होतो. युरोपच्या प्रोबा-2 उपग्रहावर लायरा हे सूर्याचा यूव्ही मोजणारं उपकरण आहे, त्याचा रोज वापरातला लायमन-अल्फा चॅनल (फिल्टर आणि डायोडची जोडी) काही महिन्यांतच बराचसा आंधळा झाला होता! म्हणून सगळे पार्ट व्हॅक्यूममध्ये बेक करून घ्या, आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात तर ऑप्टिक्स कोरड्या नायट्रोजनमध्येच ठेवा.

तरी सेन्सिटिव्हिटी घसरणारच. म्हणून सेम दोन चॅनल लावा, एक रोजचा आणि दुसरा शटरमागे, क्वचितच उघडायचा, दोघांच्या रीडिंगमधला फरक वाढत गेला की समजायचं सूर्य नाही बदलला, आपला चॅनल म्हातारा झाला. नासाच्या सॉर्स सॅटेलाइटवरचं सोलस्टिस हे यूव्ही उपकरण त्यासाठी ज्यांचा उजेड बदलत नाही अशा ताऱ्यांकडे बघायचं, पण क्यूबसॅटवर ते झेपणार नाही.

डार्क रीडिंग, म्हणजे उजेड नसतानाही डायोड दाखवतो ते रीडिंग, पृथ्वीच्या सावलीत फुकट मिळतं, फक्त तिथे डायोड थंड झालेला असतो आणि तापमानाबरोबर हे रीडिंग बदलतं, तेव्हा टेंपरेचर सेन्सर बोर्डवर कुठेतरी नको, डायोडला चिकटूनच लावा.