गुलाममालक शेतकऱ्याची वाटणी वाचताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया किंवा मेरीलँडमधल्या दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र वाचायला घेतलं की सुरुवातीला ते ओळखीचंच वाटतं. थोरल्याला शेत, धाकट्याला घोडा, बायकोला पलंग-गादी आणि हयातीपुरतं घर. आपल्याकडच्या वाटणीपत्रासारखंच. मग एका ओळीत मुलीच्या नावे एक बाई येते, 'तिच्या पुढच्या वाढीसकट'. ही वाढ म्हणजे त्या बाईला पुढे होणारी मुलं. ती अजून जन्मलेलीही नाहीत, पण त्यांचा मालक ठरला आहे. आई गुलाम तर मूल गुलाम, असं व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायद्यानेच ठरवलं होतं. 'वाढ' हा शब्दही गुराढोरांच्या पिलांसाठी वापरत, तोच.

ही ओळ ओलांडून पुढे जाणं ही पहिली चूक. वाटणी एका घराची चालली आहे असं वाटतं, पण त्याच कागदावर दुसरी घरं मोडली जात असतात.

मृत्युपत्रावर थांबू नका

मृत्युपत्रात मरणाऱ्याची इच्छा असते. प्रत्यक्षात काय झालं ते पुढच्या कागदांत असतं: शेजारच्या जाणत्या माणसांनी किंमत लावून केलेली मालमत्तेची यादी, हिशेब आणि शेवटी वाटणीची नोंद. आधी सावकारांचं भागवायचं, उरेल ते वारसांचं, असा नियम होता. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन ४ जुलै १८२६ ला वारला. मृत्युपत्राने त्याने पाच जणांना मुक्त केलं, त्यांत लोहार जो फॉसेट होता. फक्त मृत्युपत्र वाचलं तर गोष्ट इथेच संपते. पण इस्टेट कर्जात बुडालेली होती, आणि जानेवारी १८२७ च्या लिलावात जोची बायको इडिथ आणि त्यांची मुलं विकली गेली.

अनेकांनी तर मृत्युपत्र केलेलंच नसायचं. मेरीलँडच्या टॅलबट काउंटीतला अ‍ॅरन अँथनी १८२६ च्या अखेरीस असाच गेला. तो एका बड्या जमीनदाराचा कारभारी, शिवाय स्वतःची शेतं आणि सुमारे तीस गुलाम. पुढच्या वर्षी किंमत लावायला सगळ्यांना एकत्र आणलं. त्यासाठी बाल्टिमोरहून एका लहान मुलालाही परत बोलावलं, तो फ्रेडरिक डग्लस, पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेला लेखक आणि वक्ता. बायका-पुरुष, म्हातारी-पोरं, घोडे, मेंढ्या, डुकरं सगळी एकाच रांगेत होती, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. आपण कुणाच्या वाट्याला जातो, एवढ्याच भीतीने त्या दिवशी सगळे गप्प होते. यादीत मात्र नाव आणि आकडा, बस.

विधवेचा हिस्सा म्हणजे तिची मालकी नव्हे

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. विधवेला तिसरा हिस्सा मिळे, पण व्हर्जिनियात तो जमिनीत आणि गुलामांत हयातीपुरताच असे. ती ते विकू शकत नव्हती, मुक्तही करू शकत नव्हती. तिच्यानंतर सगळं त्या नवऱ्याच्या वारसांकडे जाई.

जॉर्ज वॉशिंग्टनची बायको मार्था हिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. तिच्या तिसऱ्या हिश्श्यातली माणसं आणि त्यांची मुलंबाळं १७९९ पर्यंत १५३ झाली होती. त्या वर्षी वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३१७ गुलाम होते, त्यांपैकी जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे फक्त १२३. 'वॉशिंग्टनने आपले सगळे गुलाम मुक्त केले' असं बिनधास्त लिहिलेलं आपण वाचतो. ते या १२३ जणांपुरतंच खरं. आणि ही दोन्हीकडची माणसं आपापसांत लग्न करून राहत होती.

वॉशिंग्टनने १७९९ मध्ये करून ठेवलेल्या यादीत प्रत्येकाचं नाव, बऱ्याच जणांचं वय, जोडीदार कोण आणि तो कुणाच्या मालकीचा, एवढं सगळं आहे. सुतार आयझॅक वॉशिंग्टनचा, गवळीघरात काम करणारी त्याची बायको किटी कस्टिस हिश्श्यातली. मुली आईच्या, म्हणून त्याही कस्टिसच्या. १ जानेवारी १८०१ पासून आयझॅकसारखे मोकळे झाले. मार्था १८०२ मध्ये गेली आणि कस्टिस हिश्श्यातली माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. म्हणजे डॅनियल कस्टिसच्या इस्टेटीची खरी शेवटची वाटणी त्याच्या मरणानंतर पंचेचाळीस वर्षांनी झाली. पहिल्या वाटणीत एखादं नाव दिसलं नाही, तर विधवेच्या मृत्यूचं साल आधी शोधा.

साल बघितल्याशिवाय अर्थ लावू नका

१७०५ ते १७९२ या काळात व्हर्जिनियात वारसाच्या कामी गुलाम जमिनीसारखे स्थावर मानले जात, कर्जासाठी मात्र जंगमासारखी जप्ती यायची. मृत्युपत्र नसेल तर थोरल्याकडे जमीन जाई. गुलामही त्याच्याकडे गेले, तर बाकी भावंडांचा हिस्सा त्याने किमतीत चुकवायचा. थोरल्याचा हा हक्क १७८५ च्या कायद्याने गेला. १७२३ ते १७८२ मधल्या मृत्युपत्रात मुक्ततेची ओळ नसेल तर त्यावरून मालकाच्या मनाविषयी काही ठरवू नका, कारण त्या काळात खाजगीरीत्या मुक्त करायला कायद्याची परवानगीच नव्हती. आणखी एक बारीक गोष्ट: १७५२ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीतली तारीख एक वर्ष मागची वाटते.

शब्दांत अडकू नका

मुलीला 'एक शिलिंग' दिसला की आपण म्हणतो, बापाने तोडलं. बहुतेकदा तिचा वाटा लग्नातच दिलेला असतो. 'सन-इन-लॉ' म्हणजे त्या काळी सावत्र मुलगाही असू शकतो. 'सर्व्हंट'चं भाषांतर 'नोकर' करून टाकू नका. कधी तो मुदतीचा करारी मजूर असतो, पण पुष्कळदा गुलामच. आपल्या पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी आणि बटकी आहेत, त्यांना आपण मोलकरीण म्हणून मोकळे होत नाही, मग इथे का व्हावं?

किमतीच्या रकान्यात शून्य असेल तर तो माणूस मुक्त झाला असं नाही. आयुष्यभर राबून थकलेल्या म्हाताऱ्यांपुढे हा शून्य लिहिलेला असतो. तान्ह्या मुलाची किंमत बऱ्याचदा आईच्याच आकड्यात धरलेली असते.

नाव सापडतच नसेल तर

अल्पवयीन वारस असतील तर पालकाचे हिशेब बघा. त्यांच्या वाट्याचे गुलाम वर्षाच्या कराराने भाड्याने दिले जात, बहुधा १ जानेवारीपासून, आणि कोण कुणाकडे गेलं ते तिथे सापडतं. मुलीचा वाटा तिच्या माहेरच्या आडनावाखाली शोधत बसू नका. त्या काळी लग्न झालेल्या बाईची अशी मालमत्ता नवऱ्याच्या हातात जाई. अँथनीची मुलगी ल्युक्रिशिया हिच्या बाजूला आलेला डग्लस पुढच्या कागदांत अँथनी या नावाखाली मिळत नाही, तिचा नवरा टॉमस ऑल्ड याच्या नावाखाली मिळतो. आणि डग्लसला स्वतःला कधी खात्रीने कळली नाही ती त्याच्या जन्माची नोंद, फेब्रुवारी १८१८, हॅरिएटचा मुलगा, अँथनीच्याच चोपडीत आहे.